शेजारणीची घडवंची

मंडाले जिल्हा, ब्रह्मदेश
ता. २२ नोव्हेंबर १९३६

प्रिय सिद्राम,

अखेर खुर्ची सुटली. रंगूनच्या कचेरीत हार घातले, साहेबानं माझा हात हातात घेतला, चार बरे शब्द बोलला, आणि दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत एक मद्रासी बसला. तीस वर्षांत मी त्या खुर्चीवर एवढा झिजलो, पण तिला काही फरक पडला नाही.

तू विचारतोस, आता सोलापूरला कधी येतोस? अरे, कशाला येऊ? तिकडे वैशाखात घागरभर पाण्यासाठी भांडणं. इथे सागवानी घर घेतलंय, खांबांवर उभं, खालून वारा खेळतो. परसात चाफा, पपई, स्वतःची विहीर. पाणी भरायला तेलंगी माणूस आहे. इरावती नदी इथून हाकेच्या अंतरावर. संसार अर्धा टाकून लीला गेली, तिच्या अस्थी याच नदीत सोडल्या, तेव्हाच मनात आलं होतं की आपणही याच काठी राहावं. शिवाय खरं सांगू? इथे मला लोक 'साहेब' म्हणतात. सोलापुरात 'काय रे चिंत्या' म्हणणारा तू एकटा, बाकी सगळ्यांना मी कमलाकराचा चुलतभाऊ.

शेजारी एक बर्मी विधवा राहते, दॉ तिन. 'दॉ' म्हणजे आपण 'मावशी' म्हणतो तसं. दिवसभर जिन्याच्या पायरीवर बसून चिरूट वळते. म्हातारी साधी आहे, पण इथली एक रीत ऐक. घराबाहेर रस्त्याकडेला लाकडी घडवंची ठेवतात, तिच्यावर पाण्याची मडकी आणि एक करवंटी. जाणाऱ्यायेणाऱ्यानं खुशाल प्यावं. कोण कुठला, विचारायचंच नाही. भंगी पितो त्याच करवंटीनं भिक्षू पितो! आणि बाईंची ही घडवंची नेमकी माझ्या फाटकाला चिकटून, माझ्या तुळशीपासून दोन हातांवर. मी तिला म्हटलं, ही जरा पलीकडे घ्या. ती हसली, एकेक मडकं उतरवून सगळं दुसऱ्या कोपऱ्याला नेलं आणि वर मलाच दोन पपया दिल्या. या लोकांना राग येत नाही हे बरं आहे. पपया मी तेलंग्याला देऊन टाकल्या.

सावित्रम्मांना नमस्कार सांग. शेंगाचटणी पाठवलीस तर नाही म्हणणार नाही.

तुझा
चिंतामणी


सोलापूर
ता. २० जानेवारी १९३७

चिंत्या,

शरणु. तुझं पत्र दुकानात सर्वांना वाचून दाखवलं. लोकमान्यांना सरकारनं जिथं बळंच नेऊन डांबलं, तिथं आमचा चिंतोपंत आपल्या पायानं जाऊन राहिला म्हणून सुताच्या गाठोड्यांवर बसून सगळे हसले. सावित्रम्मा मात्र हसली नाही. म्हणाली, "भावजींना लिवा, हितं या की. तितं कोन हाय तुमचं? दुखलं खुपलं तर तांब्याभर पानी कोन देनार?" बायकांचं डोकं कसं सरळ चालतं बघ.

गड्ड्याची जत्रा झोकात झाली. नंदीध्वजाला खांदा दिला, पण यंदा खांदा बोलला. आपण म्हातारे झालो की रे. तू यात्रेला येतो म्हणाला होतास, ते हे चौथं वर्ष.

एक आनंदाची बातमी. आईच्या नावानं पाडव्यापासून सात रस्त्यावर पाणपोई घालतोय. 'कै. शरणम्मा यांच्या स्मरणार्थ' अशी पाटीसुद्धा रंगवायला टाकली. रांजण, वाळ्याचे पडदे, सगळं थाटात. पाणी द्यायला एक ब्राह्मण ठेवलाय, म्हणजे कुणाची कुरकुर नको. आणि ज्यांना रांजणापाशी येऊ देता येत नाही त्यांच्यासाठी बाजूनं पत्र्याची पन्हळ बसवतोय. वरून पाणी ओतायचं, खाली त्यांनी ओंजळ धरायची. सगळ्यांची सोय, कुणाला शिवाशीव नाही. तुझ्या बर्मी मावशीला एवढी साधी अक्कल सुचली नाही बघ!

चटणीचा डबा वेगळा पाठवलाय. वाटेत कुणाला देऊ नको.

तुझा
सिद्राम


मंडाले जिल्हा
ता. ६ मे १९३७

प्रिय सिद्राम,

चटणी पोचली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. मी तिखटाला दोष दिला.

तुझा मित्र आता परदेशी झाला बरं का. एक एप्रिलपासून ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. मी जागचा हललो नाही, घर हललं नाही, फक्त देश हलला. टपाल कचेरीत तिकीट मागितलं तर तिथला पोरगेला कारकून म्हणतो, "तुमच्या देशाला आता जास्त लागतं." मी नोकरीला लागलो तेव्हा याचा जन्मही झाला नसेल. बाजारात पूर्वी दुकानदार उठून माल दाखवायचा, हल्ली बसूनच भाव सांगतो. असो. खुर्ची गेली की असं होतंच. याचा देशाशी संबंध नसावा.

एप्रिलात यांचा नववर्षाचा सण असतो, त्यात एकमेकांवर पाणी उडवतात. मी दार लावून बसलो होतो. दॉ तिननं माझ्या जिन्यावर येऊन खिडकीतून हाक मारली, मी डोकावलो, आणि बाईनं चक्क वाडगाभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं! आळीतल्या बायका खो खो हसल्या. मी रागावलो नाही, पण परसात जाऊन विहिरीवर आंघोळ केली. जानवंही बदललं. तिनं ते कुंपणावरून पाहिलं असावं. सणाची जास्तीची आंघोळ समजली असेल.

पाणपोई कशी चालली आहे ते लिही.

चिंतामणी


सोलापूर
ता. ९ ऑगस्ट १९३८

चिंतू,

वर्तमानपत्रात ब्रह्मदेशातल्या दंग्याचं रोज येतंय. रंगूनला आपल्या माणसांना घरातून ओढून मारलं म्हणे, आणि आता वरच्या बाजूलाही पेटलंय. तुला तार केली, उत्तर नाही. सावित्रम्मानं सिद्धरामेश्वराला नवस बोललाय. दोन ओळी लिही. एक ओळ लिही. नुसतं नाव लिहून पाठव.

सिद्राम


मंडाले जिल्हा
ता. १८ सप्टेंबर १९३८

प्रिय सिद्राम,

मी जिवंत आहे. नवस फेडा.

पहाटे टोळी आली. बाहेरगावची माणसं होती, पण त्यांना वाट दाखवणारा आमच्याच आळीतला असणार, कारण ती थेट माझ्या फाटकाशी आली. तेलंगी आधीच पळाला होता. मी देवासमोर नुसता उभा होतो. तेवढ्यात मागच्या कुंपणातून दॉ तिन आली, माझं मनगट धरलं आणि वासराला ओढावं तसं मला ओढत आपल्या घरात नेलं. तंबाखूच्या पोत्यांमागे बसवलं, वर गोणपाट टाकलं आणि स्वतः जिन्यावर जाऊन चिरूट वळत बसली. माझं घर लुटून झाल्यावर ते तिच्याकडे आले. विचारलं, "तो परका कुठे आहे?" ती म्हणाली, "इथे कोणी परका राहत नाही." हे मी गोणपाटाखालून माझ्या कानांनी ऐकलं, सिद्राम.

आठवडाभर तिच्याकडे होतो. त्या दिवसांत मी फक्त फळांवर राहिलो.

वरची ओळ कमलाकरानं विचारलं तर त्याच्यासाठी. तुला खरं सांगतो. मी तिच्या हातचा भात खाल्ला, मासळी शिजवतात त्याच भांड्यातला. तिच्या मडक्यातलं पाणी त्याच करवंटीनं प्यायलो. तोंडाला कोरड पडली होती, आणि ते इतकं गोड लागलं की मी आणखी मागितलं.

घरी आलो तर तांब्या-पितळेचं एक भांडं उरलं नव्हतं. तिनं आपल्या घडवंचीवरचं एक मडकं उचलून आणून दिलं. म्हणाली, "पाणी कशात ठेवाल?" ते माझ्या स्वयंपाकघरात आहे.

आता इथे राहण्यात अर्थ नाही असं वाटतं. घर विकून सोलापूरला यावं म्हणतो. शेवटची चार वर्षं आपल्या माणसांत जावीत. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

चिंतामणी


सोलापूर
ता. १४ ऑक्टोबर १९३८

चिंतू,

माझ्या हातून घाण झाली. आधी तेच सांगतो.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तुझं पत्र दिसताच धीर धरवला नाही, दिवाणजीला म्हटलं वाच मोठ्यानं. तुझा जीव वाचल्याचं ऐकून मी रडायला लागलो, आणि तो भला माणूस वाचतच राहिला. भात, मासळी, करवंटी, सगळं. मागं कमलाकर बसला होता. तोही तुझीच खुशाली विचारायला आला होता. उठला, उपरणं झटकलं आणि म्हणाला, "येऊ दे त्याला. पण प्रायश्चित्त घेतल्याशिवाय पंगतीला पान मांडणार नाही."

रागावू नको. मी त्याच्याशी बोललो. तू तिकडेच एखादा वैदिक गाठून विधी उरकून घे, म्हणजे इथं चार लोकांत तमाशा नको. कमलाकर म्हणाला, एवढ्यानं चालेल. क्षौर, पंचगव्य, नवं जानवं, आणि त्या बाईकडचं जे मातीचं असेल ते फोडायचं. तांब्यापितळेचं असेल तर घासून चालतं, मातीचं चालत नाही, हे तुला मी लिंगायतानं सांगावं का! करून टाक बाबा. एक मडकं फुटलं तर कुणाचं काय जातं? तू ये. तुझ्यासाठी सात रस्त्याजवळ दोन खोल्या बघून ठेवल्यात. संध्याकाळी पाणपोईच्या कट्ट्यावर बसू, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करू.

तुझा अपराधी
सिद्राम


मंडाले जिल्हा
ता. ११ डिसेंबर १९३८

प्रिय सिद्रामप्पा यांस,

मंडालेहून तेलंगी वैदिक बोलावून विधी यथासांग पार पाडला. कमलाकरास कळवावे. घराला अद्याप गिऱ्हाईक नाही, त्यामुळे यंदा गड्ड्यास येणे जमणार नाही. प्रकृती ठीक.

चिंतामणी


सोलापूर
ता. २३ जानेवारी १९३९

चिंत्या,

हे पत्र तू लिहिलंस की तुझ्या कचेरीनं? "सिद्रामप्पा यांस"! आठ वर्षांचा होतो तेव्हापासून मला शेंबड्या म्हणणारा तू, आणि आता "यांस"? काय झालंय ते सांग. मी आता भिंग घेतलंय. काळ्या दांडीचं, मोठं. तुझं पत्र मी एकटा वाचतो, दार लावून. सावित्रम्मालाही सांगत नाही, म्हणजे बघ.

भिंगानं वाचताना कालच तुमची गणपती पेठेतली ओसरी आठवली. तिथल्या कोनाड्यात माझा पितळी पेला असायचा, आठवतो? खेळून आलो की तुझी आई म्हणायची, "सिद्राम, तुझा पेला घे." आणि वरून पाणी ओतायची. केवढा ऐटीत घ्यायचो मी! वाटायचं, चिंत्याच्या घरात आपल्या मालकीची एक वस्तू आहे.

लिही. वाट बघतोय.

सिद्राम


मंडाले जिल्हा
ता. १२ मार्च १९३९

सिद्राम,

लिहितो. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं.

विधी झाला. डोक्याचा चकोट, तोंडाला पंचगव्याची चव. वैदिक म्हणाला, मातीचं भांडं कुठे आहे? मी तिचं मडकं उचललं. अर्धं भरलेलं होतं. परसात फोडायला हवं होतं, म्हणजे कोणी पाहिलं नसतं. पण वैदिक म्हणाला, आवाराबाहेर. म्हणून फाटकाबाहेर गेलो आणि रस्त्याकडेच्या दगडावर ते आपटलं.

मान वर केली तर दॉ तिन आपल्या पायरीवर उभी होती.

ती खाली आली. एक खापर उचललं, नाकाशी धरलं, वास घेतला. मग तिनं मला विचारलं, "पाणी बिघडलं होतं का?"

मला तीस वर्षांची बर्मी भाषा येते. भाजीवाल्याशी भांडता येतं, मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज वाचता येतो. पण तिला काय सांगणार होतो? मागून वैदिक घाई करत होता. तिचं तोंड काळजीनं एवढंसं झालेलं. आणि मी म्हटलं, "हो. पोटात दुखत होतं."

ती तिथेच रस्त्यात गुडघे टेकून बसली आणि माझ्यापुढे हात जोडले, ते लोक भिक्षूंपुढे जोडतात तसे. म्हणाली, "माझी चूक. मडकं आतून नीट घासलं नसणार." संध्याकाळी उकळून गाळलेलं पाणी आणि पेरूच्या पाल्याचा काढा घेऊन आली. तो काढा मी घेतला नाही. रात्री परसात ओतला. शुद्ध झालो होतो ना मी!

हे इथे संपलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण दुसऱ्या दिवशी तिची घडवंची रिकामी. मडकी घराखाली पालथी घालून ठेवलेली. मी विचारलं, पाणी का नाही? म्हणाली, "तुम्हाला बाधलं. रस्त्यावरच्या किती जणांना बाधलं असेल, ते मला येऊन कुठे सांगतात?" ते पाणी ती नवरा गेल्यापासून त्याच्या नावानं ठेवत होती. त्याला पुण्य पोचावं म्हणून. तू आईच्या नावानं ठेवतोस तसंच. हे मला शेजारी राहून इतके दिवस ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

आता उन्हं तापली आहेत. बाजारला जाणारी माणसं सवयीनं थांबतात, घडवंचीकडे बघतात आणि कोरड्या तोंडानं पुढे जातात. मी खिडकीत बसून ते बघतो. घर विकून निघून यावं म्हटलं तर पाय निघत नाही. राहावं म्हटलं तर खिडकी उघडवत नाही. तिला खरं सांगावं तर कसं सांगू? की बाई, पाणी चांगलं होतं, ते तुझ्या हातचं होतं एवढीच बाधा? लाज वाटते रे. ज्या दिवशी मला कोणी परका म्हणत होतं त्या दिवशी ती नाही म्हणाली, आणि तिला परकी मी ठरवली.

चिंतामणी


सोलापूर
ता. २ एप्रिल १९३९

चिंतू,

तुझं पत्र भिंगानं वाचलं आणि भिंग खाली ठेवून दिलं. "एक मडकं फुटलं तर कुणाचं काय जातं" हे मी लिहिलं होतं. तुझ्या लाजेत माझा अर्धा वाटा आहे, तो माझ्या नावावर घे.

आता माझं ऐक. पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणपोईवर गेलो आणि ती पन्हळ उपटून काढली. ब्राह्मणाला म्हटलं, आजपासून सगळ्यांना एकाच भांड्यानं दे. त्यानं ओगराळं खाली ठेवलं आणि हात बांधून बसला. दुपारपर्यंत पेठेतले चार व्यापारी दुकानावर आले. त्यांतला एक तर माझा व्याही. म्हणाला, "सिद्रामप्पा, हे काय खूळ काढलंत? आमी पानी प्यायचं का न्हाय तितं?" मी दोन दिवस तग धरला. म्हणजे तग धरला असं मला वाटलं. खरं तर त्या दोन दिवसांत तिथं पाणी कुणालाच मिळालं नाही. पेठेतले आले नाहीत, आणि जे पन्हळीखाली येत त्यांना तो ब्राह्मण देईना. मग मीच पन्हळ परत ठोकली.

ठोकत होतो तेव्हा गोजरबाई आली. सरपणाचा भारा घेऊन रोज येते ती, डोकीवरून भारा न उतरवता ओंजळ धरते. मला वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, "लावली व्हय परत? लई बरं झालं बगा, मालक. लांबनं का हुईना, पानी तर मिळतंय." आणि तिनं मला दुवा दिला, चिंत्या. आईच्या नावाच्या पाटीखाली उभा राहून मी तो घेतला. मान खाली घालून घरी आलो, ते अजून सावित्रम्माच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

माझं असं आहे. मी भ्यालो. मला पेठेत दुकान चालवायचंय. पण तुला कुणाचं भय? कमलाकराचं? त्याच्या पंगतीत बसून तू काय खाणार आहेस, तेच वरण ना? तिला जाऊन खरं सांग. तिला वाईट वाटेल. वाटू दे. पण तिच्या नवऱ्याचं पाणी तरी चालू होईल.

सिद्राम


मंडाले जिल्हा
ता. ७ मे १९३९

सिद्राम,

सांगितलं.

तुझं पत्र आलं तेव्हा इथे पाण्याचा सण चालू होता. मी यंदा दार उघडं टाकून पायरीवर बसलो होतो. वाटलं, ओतू दे कोणीतरी डोक्यावर. सगळी आळी चिंब झाली, पण माझ्याकडे कोणी वाडगा उचलला नाही. एक बाई उचलणार होती, तर दॉ तिन घाईनं आडवी आली. म्हणाली, "त्यांना नको. त्यांना आपलं पाणी सोसत नाही." मी भर सणात कोरडा ठणठणीत बसून राहिलो. तेव्हा उठलो आणि तिच्या पायरीशी गेलो.

सगळं सांगितलं. आमच्यात असं असतं, तुमच्या हातचं चालत नाही, म्हणून फोडलं. पोट दुखत नव्हतं. तिच्या बोटांतला चिरूट तसाच विझून गेला. मग म्हणाली, "म्हणजे पाणी चांगलं होतं?" मी म्हटलं, चांगलं होतं. "मग हे आधी सांगायचं. एवढे दिवस त्यांचं पाणी बंद राहिलं." त्यांचं म्हणजे नवऱ्याचं. तिला राग आला तो एवढ्याचाच. स्वतःसाठी काहीच म्हणाली नाही. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी तिची मडकी घडवंचीवर आली. मला हलकं वाटलं. पण खाली उतरलो तर माझ्या फाटकाशी, जिथून मी तिची घडवंची हलवायला लावली होती अगदी तिथेच, एक छोटी नवी घडवंची. तिच्यावर एकच लहान मडकं, स्वच्छ झाकण, कोरी करवंटी. दॉ तिन म्हणाली, "हे तुमचं वेगळं. याला दुसरं कोणी शिवणार नाही, मी सगळ्यांना सांगितलंय. भरताना मीसुद्धा फडक्यानं धरते."

रागानं केलं असतं तर मी सोसलं असतं. तिनं ते आपुलकीनं केलंय. मी म्हटलं, नको, मला सगळ्यांतलंच द्या, आणि तिच्या घडवंचीकडे गेलो, करवंटीला हात घातला. तिनं ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, "असं करू नका. परक्या मुलुखात माणसानं आपला धर्म सांभाळावा."

परक्या मुलुखात. टोळीसमोर तिनं जो शब्द नाकारला, तो मीच तिला शिकवला.

रोज सकाळी ती फडक्यानं धरून ते मडकं भरते. मी पितो. पाणी तेच आहे, पण तेव्हासारखं गोड लागत नाही. रस्त्यानं जाणारे तिच्याकडचं पितात, दोन शब्द बोलतात, हसतात. माझ्या मडक्याला वळसा घालून जातात. घर आता विकत नाही. ज्या माणसाला आपण हे शिकवलं, त्याच्यापुढून पळून जाऊन सोलापुरात शुद्ध म्हणून मिरवायचं, एवढा निलाजरा मी अजून झालो नाही.

तुला एक विचारायचं आहे. तो कोनाड्यातला पेला. तू थट्टेनं लिहिलं होतंस, ऐटीत घ्यायचो म्हणून. मीही तेव्हा हसलो. सिद्राम, खरं सांग. इतकी वर्षं तू त्यातून पाणी कसं प्यायलास?

चिंतामणी


सोलापूर
ता. १९ जून १९३९

चिंतू,

पावसाळा लागला, पाणपोई उठली. रांजण आत घेतले. पन्हळ दुकानाच्या कोपऱ्यात उभी आहे. पुढच्या पाडव्याला ती लावायची की नाही, असं सावित्रम्मा रोज विचारते. मी रोज सुताच्या गाठोड्याशी काहीतरी काम काढतो.

तू येत नाहीस याचं वाईट वाटलं. पण बरोबर केलंस. चटणी पाठवतोय, यंदा डबा मोठा आहे. अर्धी त्या माउलीला दे. ती आपल्या हातची खाईल. तिच्यात तसं काही नसतं.

पेल्याचं विचारलंस. ऐट-बिट काही नव्हती रे. तहान लागलेली असायची, म्हणून प्यायचो. पिऊन झालं की राखेनं घासून मीच तो कोनाड्यात पालथा ठेवायचो, तुझ्या आईला हात लावावा लागू नये म्हणून. तू तिथंच उंबऱ्यावर उभा असायचास. तुला सगळं दिसायचं. पण खेळ अर्धा टाकून आलेलो असायचो, आणि तू म्हणायचास, "शेंबड्या, आटप लवकर."

तुझा
सिद्राम